जा, पण हात खिशात ठेव

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रूममेट तुला इथे व्हर्जिनियातल्या शॅन्टिलीच्या डलस एक्स्पो सेंटरमधल्या गन शोला, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनाला घेऊन चालली आहे. तुला जावंसंही वाटतंय, पोटात गोळाही येतोय, आणि कोल्हापूरला आईला सांगायचं की नाही हा वेगळाच घोर. आईला सांग, पण जाऊन आल्यावर. बाकी, जा. नीट बघ, लोकांशी बोल. फक्त हात खिशात ठेव.

हात खिशात का, ते आधी सांगते, कारण तिथे तुझ्या-माझ्या मताचा संबंधच येत नाही. तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेस. इथल्या, अमेरिकेच्या फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक तर सोडच, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. गुन्हा विकत घेण्याचा नाही, बाळगण्याचा आहे. त्या कलमाखालची कमाल शिक्षा २०२२ मध्ये दहा वर्षांवरून पंधरा वर्षांवर नेली. टेबलावरचं पिस्तूल मिनिटभर हातात घेऊन बघणं म्हणजे 'बाळगणं' होतं का, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. तू त्या वादाचा विषय होऊ नकोस.

एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली आहेस, नेम चांगला होता, रूममेट 'रेंजवर चल' म्हणते, हे सगळं तू लिहिलंस. रेंजवरही तेच. फ्लोरिडात शिकायला आलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याला नापास झाल्यामुळे कॉलेजने काढून टाकलं, त्याबरोबर इथे राहण्याचा आधारही गेला, आणि नंतर तो एका रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. एवढ्यावर खटला उभा राहिला. रेहाइफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये सात विरुद्ध दोन असा त्याच्या बाजूने निकाल लागला. न्यायालय म्हणालं, आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तुला तुझा व्हिसा चांगला माहीत आहे. त्यामुळे त्या निकालाचा तुला काडीचा उपयोग नाही.

शिकारीचा परवाना काढला की या बंदीतून सूट मिळते, असं तुला ऑफिसातला कोणीतरी सांगेलच. कायद्यात तशी सूट खरोखर आहे. पण तुझ्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी उत्तर आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस. आणि 'मी माझ्या नावावर घेते, वापर तू' असं रूममेट म्हणाली, तर तिथल्या तिथे विषय तोड. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे आणि त्यात तुम्ही दोघी अडकाल. ग्रीन कार्ड हातात आलं की तुझा प्रश्न बदलतो. तेव्हाचं पुढे बोलते.

आता, जा असं का म्हणते ते.

मी फेअरफॅक्स काउंटीत आले तेव्हा बंदूक या विषयावर माझं मत पुण्याहून आणलेल्या लोणच्याच्या बरणीसारखं घट्ट झाकण लावलेलं होतं. बंदूक पोलिसाकडे, नाहीतर गुंडाकडे. मग २००२ चा ऑक्टोबर आला. वॉशिंग्टनच्या आसपास कोणीतरी लांबून रायफलने एकेका माणसाला टिपत होतं. तीन आठवड्यांत दहा माणसं गेली. त्यात पेट्रोल भरत उभे असलेले, मूळचे भारतातले एक टॅक्सीचालक होते. आमच्याच काउंटीत, फॉल्स चर्चजवळच्या होम डेपोच्या पार्किंगमध्ये एक बाई गेली. पंपवाल्यांनी पंपांभोवती ताडपत्र्या लावल्या होत्या. आम्ही गाडीतून उतरून दुकानापर्यंत नागमोडी पळायचो, आणि त्याचं हसूही यायचं नाही. त्या महिन्यानंतर मला कोणी 'बंदूक बाळगणारी साधी माणसं' असं म्हटलं असतं तर मी उठून गेले असते.

पुढे काही वर्षांनी आमच्या ऑफिसातल्या एका बाईने मला शॅन्टिलीला नेलं. तिचे वडील शेनंडोआ खोऱ्यातले शेतकरी, लहानपणापासून घरात हरणाची शिकार, नोव्हेंबर आला की शाळेतली अर्धी मुलं गायब. मी गेले ती थोडी नाक मुरडतच. ज्या हॉलात आपण 'बिग फ्ली'ला जुनी भांडी-फर्निचर बघत हिंडतो, तोच हॉल. दारात पोलीस. कोणी स्वतःची बंदूक विकायला किंवा दाखवायला आणली असेल, तर ती रिकामी आहे हे तपासून प्लास्टिकची पट्टी अशी घट्ट बांधतात की ती चालवताच येऊ नये. मग तिकीट, हातावर शिक्का, आणि आत टेबलांच्या रांगाच रांगा.

पहिला धक्का बसतो तो कंटाळ्याचा. लोक होल्स्टर बघतायत, चाकूला धार करण्याचे दगड बघतायत, वाळवलेलं मांस चघळतायत. एखादा म्हातारा खांद्यावर जुनी शॉटगन घेऊन फिरतो, नळीत खोचलेल्या काठीला किमतीची चिठ्ठी. जुनी नाणी, सैन्यातले बूट, तिजोऱ्या, प्रथमोपचाराच्या पेट्या, काडतुसांचे डबे. नाझी चिन्हांची पदकं आणि यादवी युद्धातल्या गुलामगिरीवादी दक्षिणेचे कॉन्फेडरेट झेंडेही एखाद्या टेबलावर दिसतील. तिथे थांबू नकोस, वाद घालू नकोस. मी घातला आहे, त्यातून काही निघत नाही.

संग्राहकांची रांग मात्र चुकवू नकोस. तिथेच मला इशापूरची रायफल दिसली. दिसायला आपल्या पोलिसांच्या खांद्यावरच्या थ्री-नॉट-थ्रीसारखीच, पण ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेली. दस्त्याच्या वरच्या धातूच्या पट्टीवर अशोकस्तंभाचे सिंह, खाली 'आर.एफ.आय.', म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, ही अक्षरं आणि साठच्या दशकातलं साल. टेबलामागचा गृहस्थ व्हर्जिनियातल्या कुठल्याशा गावचा निवृत्त शाळामास्तर. चीनच्या १९६२ च्या युद्धानंतर भारताने ही रायफल का काढली, पोलाद कसं बदललं, मॅगझिन चौकोनी का दिसतं, हे त्याने मला असं समजावलं की मी मान डोलावत उभी राहिले. मग त्याने एका डबीतून थ्री-नॉट-थ्रीचं जुनं काडतूस काढून बूड दाखवलं. त्यावर बारीक 'के.एफ.' म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या खडकीचा कारखाना. मी त्याला म्हटलं, याच्या भिंतीवरून माझी बस जायची. त्याला इतका आनंद झाला की त्याने शेजारच्या टेबलवाल्याला हाक मारून बोलावलं. वर दोघांनी मला अगदी सौजन्याने सांगितलं, की या जुन्या काडतुसांचा काही भरवसा नसतो, घोडा ओढल्यावर क्षणभराने उडतात. खडकीच्या वतीने मी काय बोलणार?

तो शेजारचा टेबलवाला लगेच गांधींवर आला. तुलाही कोणीतरी ऐकवेलच. इंग्रजांच्या सगळ्या दुष्कृत्यांत एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा, अशा अर्थाचं गांधींचं वाक्य बंदूकवाल्यांच्या जगात फार फिरतं. वाक्य खरं आहे. पण ते १९१८ मधलं आहे. खेडा जिल्ह्यात गांधी पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करत हिंडत होते, आणि १८७८ चा शस्त्रकायदा जायला हवा असेल तर सैन्यात या, हत्यार चालवायला शिका, असं एका पत्रकात सांगत होते. घरोघरी पिस्तूल असावं असं ते म्हणत नव्हते. हे मी त्याला सांगितलं, तो हसला, म्हणाला, तरी वाक्य छान आहे. मग आम्ही इंग्रजांवर थोडं बोललो. त्या विषयावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला नाही.

अशी माणसं भेटली म्हणून माझं मत बदललं का? अर्धं बदललं. बंदूक बाळगणाऱ्यांबद्दलचं बदललं, बंदुकीबद्दलचं फारसं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकले, आणि तुलाही तेवढंच सांगायचं आहे. दुसऱ्याला तो हक्क असावा का, हा एक प्रश्न. माझ्या घरात ती असावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घटना, न्यायालयं, निवडणुका देतात, त्यात माझं एक मत. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला एकटीला, आमच्या घराकडे बघून द्यायचं असतं. गन शोमध्ये हे दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत घालून देतात. टीव्हीवरचे विरोधकही तेच करतात.

इथल्या लोकांचीही मतं फिरली आहेत. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने १९५९ साली विचारलं होतं, की पोलिसांसारखे अधिकृत लोक सोडून इतरांना हँडगन, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, बाळगायला बंदी असावी का. ६० टक्के लोक हो म्हणाले होते. आता चारातला एकही धड हो म्हणत नाही. घरात बंदूक असली तर घर जास्त सुरक्षित, असं २००० साली ३५ टक्क्यांना वाटत होतं, २०१४ मध्ये ६३ टक्क्यांना. आणि मला सर्वांत बोलका वाटतो तो प्यू संस्थेचा आकडा. बंदूक मुख्यतः कशासाठी, असं मालकांना १९९९ मध्ये विचारलं तेव्हा ४९ टक्के म्हणाले शिकारीसाठी आणि २६ टक्के म्हणाले संरक्षणासाठी. २०१३ मध्ये संरक्षण ४८ टक्के झालं आणि शिकार ३२ वर आली. मधल्या काळात देशातले गुन्हे वाढले होते म्हणावं, तर उलट बरेच कमी झाले होते.

हा बदल शोच्या हॉलात डोळ्यांनी दिसतो. मास्तरांची रांग मागे, कोपऱ्यात. पुढच्या, उजेडातल्या रांगा कमरेला लपवायच्या छोट्या पिस्तुलांच्या. चोरकप्प्याच्या पर्सेस, गुलाबी मुठी, 'परवान्याचा वर्ग आजच करा' असे फलक. तुम्ही दोघी मुली म्हटल्यावर तुम्हाला तिथे फार आदराने बोलावतील, आणि अगदी लहान, हलकं पिस्तूल पुढे करतील. तुला एनसीसीतून माहीत असेलच की हलकं हत्यार जास्त झटका देतं. नवशिक्या बाईच्या हाती तेच देणं हा विक्रेत्याचा आळस आहे. चांगले प्रशिक्षकही याच कारणासाठी कुरकुरतात.

या सगळ्यामागे राजकारण आहेच. नॅशनल रायफल असोसिएशनचं मुख्यालय तुझ्या ऑफिसपासून फार लांब नाही, फेअरफॅक्सलाच. १८७१ मध्ये ती संस्था निघाली ती यादवी युद्धात सैनिकांचा नेम फार वाईट होता म्हणून. नेमबाजी शिकवणं हेच काम. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात कडव्या सभासदांनी जुन्या नेतृत्वाला रातोरात बाजूला केलं, आणि तिथून ती आजच्या वळणाची झाली. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला, २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेरही नेला. मुख्यालयातलं त्यांचं संग्रहालय बघण्यासारखं आहे. तिथे काही हातात घ्यावं लागत नाही, सगळं काचेमागे.

व्हर्जिनियाचं तर विचारूच नकोस. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण गेले. त्यांत प्राध्यापक लोगनाथन होते, मुंबईहून वास्तुकला शिकायला आलेली एक मुलगीही होती. आपल्या मंडळातले कितीतरी जण तेव्हा मुलांना फोन लावत बसले होते. त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, 'गन शोची पळवाट'. ती काय होती ते समजून घे, कारण दोन्ही बाजू ते धड सांगत नाहीत. परवानाधारक विक्रेता दुकानात असो की शोमध्ये, त्याला खरेदीदाराची तपासणी करावीच लागते. ४४७३ नंबरचा फॉर्म, मग पोलिसांच्या यंत्रणेला विचारणा. संगणकावर झटपट तपासणी सुरू करणारं पहिलं राज्य व्हर्जिनियाच, १९८९ मध्ये. पळवाट होती ती खासगी माणसाची, म्हणजे काठीला चिठ्ठी लावून फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्याची. फेडरल कायद्याने त्याच्यावर तपासणीचं बंधन नव्हतं. १ जुलै २०२० पासून व्हर्जिनियाने तेही आणलं. त्याआधी जानेवारीत रिचमंडला सुमारे २२,००० लोक निषेधाला जमले होते, बरेचसे खांद्यावर रायफली घेऊन, आणि एकही गोळी सुटली नाही. कोर्टकचेऱ्या त्यानंतरही चालू आहेत, म्हणून कोणाला ठामपणे काही सांगण्याआधी ताजा नियम बघत जा.

पण एक लक्षात घे. व्हर्जिनिया टेकच्या त्या मुलाने शोमधून काहीच घेतलं नव्हतं. तो रीतसर तपासणीतून पार झाला होता. न्यायालयाने त्याला मानसोपचार घ्यायला सांगितलं होतं, ती नोंद यंत्रणेपर्यंत पोचलीच नव्हती. आणि केंद्राच्या न्यायखात्याने २०१६ मध्ये कैद्यांची पाहणी केली, तेव्हा गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांनी ती गन शोमधून आणली होती. ४३ टक्क्यांनी रस्त्यावरून, चोरबाजारातून. म्हणजे हॉलात फिरताना प्रत्येकाकडे खुनी म्हणून बघू नकोस. तपासणी हवी, माझं मत आहेच. पण ती तिथे लावली की देशाचा आजार बरा होईल, असं मानणाऱ्यांतली मी नाही.

आता तुझा खरा प्रश्न. तो तू मेसेजच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखा लिहिलास. 'ग्रीन कार्ड आलं की मीही घेऊ का? एकटी राहते, भीती वाटते.'

भीती खोटी नाही. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोतला या आपल्यासारख्याच इंजिनिअरला ऑफिसनंतर मित्राबरोबर बारमध्ये बसलेला असताना एकाने मारलं, 'माझ्या देशातून निघून जा' असं ओरडत. त्या आठवड्यात आमच्या घरी, तुमच्या वयाच्या मुलांच्या व्हॉट्सॲपवर, देवळाच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे हेच. एरवी मटण आणतानाही सुरीकडे न बघणारे दोन-तीन गृहस्थ तेव्हा रेंजच्या वर्गाला नाव नोंदवून आले. मी त्यांना हसले नाही. २०२० च्या साथीत तर देशभर खरेदीदार तपासणीचे जवळजवळ चार कोटी अर्ज झाले. त्यात आपल्यासारख्या दिसणाऱ्यांचीही भर होती, तुझी रूममेट त्यातलीच.

पण ओलेथला नेमकं काय झालं ते बघ. मारेकऱ्याला तिथून हाकललं होतं, तो परत आला आणि काही कळायच्या आत गोळ्या सुटल्या. कोणाच्या कमरेला पिस्तूल असतं तर ते काढायला वेळ मिळाला असता का? मला तरी वाटत नाही. मारेकऱ्याच्या मागे धावला तो तिथलाच एक ग्राहक, इयन ग्रिलॉट, टेबलाखाली बसून गोळ्या मोजत होता, संपल्या असं वाटलं म्हणून नुसत्या हातांनी धावला. हिशेब चुकला, गोळी लागली, वाचला. त्या माणसाला मी मनातून किती वेळा नमस्कार केला असेल.

तेव्हा बंदूक घरात आल्यावर कोणाचं काय होतं, तिकडे बघ. २०२३ मध्ये या देशात बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली. त्यातली २७,३०० आत्महत्या. निम्म्याहून कितीतरी जास्त. शोमध्ये दरवाजा फोडणाऱ्या चोराचं चित्र टेबलाटेबलावर आहे, आत्महत्या करणाऱ्या ह्या माणसाचं एकाही टेबलावर नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष छापले. हँडगन असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण ती नसलेल्यांच्या सुमारे आठपट, आणि स्त्रियांत पस्तीसपट. निराशेची लाट पुष्कळदा काही तासांची असते. त्या तासांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं, कारण बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून वाचणारे फारच थोडे, आणि इतर मार्गांतून वाचलेले बहुतेक जण पुढे वर्षानुवर्षं जगतात.

तू अशी नाहीस हे मला माहीत आहे. पण गेल्या हिवाळ्यात नोकरकपातीची यादी निघाली, साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर देश सोडा असं डोक्यावर आलं, तेव्हा तू दोन दिवस कोणाचा फोन घेतला नव्हतास. मी दारात येऊन उभी राहिले होते, आठवतं ना? आपल्याकडे पोरं-पोरी 'सगळं मस्त' म्हणतात आणि आत काय चाललंय ते आईलाही कळू देत नाहीत. एकटीने राहणाऱ्या, परदेशातल्या, नोकरीवर व्हिसा टांगलेल्या मुलीसाठी माझा हिशेब चोराकडून सुरू होत नाही, त्या दोन दिवसांकडून सुरू होतो. म्हणून ग्रीन कार्डानंतरही मी 'घे' म्हणणार नाही. नेमबाजीची हौस मात्र तेव्हा जरूर भागव. तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे ज्या जिल्ह्यातून आले तिथली तू. रेंजवर भाड्याने रायफल मिळते, तिथेच चालवायची, तिथेच ठेवून यायची. आणि ९८८ हा, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांना मदत करणारा नंबर फोनमध्ये घालून ठेव, स्वतःसाठी नाही तर मैत्रिणींसाठी म्हणून ठेव.

तू शेवटी वेगळं ठरवलंस, तर मी तुझ्याशी बोलणं टाकणार नाही. दार भक्कम कर, बाहेर दिवा लाव, शेजारच्या दोन घरांशी ओळख कर, आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा विचार, एवढंच म्हणेन.

रूममेटचं पिस्तूल मात्र आजचा प्रश्न आहे. ती नागरिक आहे, तिचा हक्क आहे, त्यावर तू तोंड उघडू नकोस. पण एकाच घरात ते दिवाणखान्याच्या खणात पडलेलं असेल, तर उद्या कोणी त्यावर तुझाही ताबा होता असं म्हणू शकतो. म्हणून तिच्याशी स्पष्ट बोल. पिस्तूल तिच्या खोलीत, बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी उघडणाऱ्या तिजोरीत, तिजोरी भिंतीला किंवा पलंगाला पक्की केलेली. काडतुसं वेगळी, तीही कुलपात. आकडे तुला माहीत नकोत, तिने सांगायला घेतले तरी ऐकू नकोस. 'रात्री गरज पडली तर?' असं ती विचारेल. चांगली छोटी तिजोरी दोन-तीन सेकंदांत उघडते, शोमध्येच चार टेबलं असतील, तिथे तिला उघडून बघू दे. ती गावाला जाईल तेव्हा पिस्तूल तुझ्या भरवशावर ठेवणार नाही, हेही आत्ताच ठरवा. तिला हे जाचक वाटलं, तर वकिलाचं नाव पुढे कर. खोटं नाही ते. तरीही ऐकलं नाही, तर भाडेकरार संपेपर्यंत आमच्या वरच्या खोलीत राहायला ये.

शनिवारी दुपारी फार गर्दी होते, सकाळीच जा. रोख पैसे थोडेच ने, म्हणजे गुलाबी पर्सचा मोह आवरेल. पत्नीला बळेच घेऊन आलेले नवरे आणि नवऱ्याला घेऊन आलेल्या बायका कोण जास्त दिसतात ते मला मोजून सांग, माझा अंदाज हल्ली बदलला असेल. परत येताना दोघी जेवायला घरी या. तुझ्या रूममेटला मटण चालत असेल तर पांढरा रस्सा करते, तुझ्या आईने सांगितलेल्या पद्धतीने. आणि तिला माझ्याशी मोकळं बोलायचं असेल, तर तिने ते पिस्तूल नेमकं कुठल्या रात्रीनंतर घेतलं, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे. तुझ्या मेसेजमध्ये ती एक ओळ तू लिहून खोडलेली दिसते.

तुझी,
काकू